एम.एस्सी. झाली, पण वॉर्ड तोच: मिरजेतल्या एका आयसीयू परिचारिकेचं प्रकरण

या प्रकरणातल्या परिचारिकेचं नाव बदललं आहे. रुग्णालय आणि कॉलेज यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी सांगली जिल्ह्यात नर्सिंग शिकवते आणि नोकरी करता करता पुढचं शिक्षण घेऊ पाहणाऱ्या सिस्टर सल्ल्यासाठी माझ्याकडे येत असतात. शुभांगी त्यांच्यापैकीच एक. तिने दाखवलेल्या कागदांवरून आणि तिच्या संमतीने हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून ही परंपरा सुरू होते. १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं आणि पुढे खासगी रुग्णालयांची रांगच लागली. जत, कवठेमहांकाळपासून कर्नाटकातल्या अथणी, कागवाडपर्यंतचा पेशंट इथेच येतो. कामापुरतं कानडी येत नसेल तर इथल्या आयसीयूत रात्रपाळीला नातेवाइकांशी बोलताना पंचाईत होते.

शुभांगी अशाच एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत काम करत होती. आधी जीएनएम ही नर्सिंगची पदविका, मग चार वर्षं नोकरी, मग नियमित पोस्ट बेसिक बी.एस्सी. (पदविकेनंतरची दोन वर्षांची नर्सिंग पदवी), आणि परत आयसीयू. २०२१ ची दुसरी लाट ओसरली तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. मुलगा पहिलीत, नवऱ्याची मिरज पूर्व भागात दीड एकर द्राक्षबाग. पगार सव्वीस हजार, तोही त्या वेळच्या मानाने बरा म्हणायचा.

व्हेंटिलेटरवरचा पेशंट सांभाळण्यात तिचा हात कुणी धरत नसे. नवे निवासी डॉक्टर रात्री अडले की आधी तिला हाक मारत आणि मग सरांना फोन करत. पण पगारपत्रकात ती आणि दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी यांच्यात फरक होता तो जेमतेम तीन हजारांचा.

अडचण नेमकी काय होती

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिचा प्रश्न होता, "मॅडम, एम.एस्सी. करू की नको?" मला तो प्रश्न अपुरा वाटला. पुढे कोणतं काम करायचंय, असं विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आयसीयू सोडायचं नाही. पण जन्मभर स्टाफ म्हणूनही राहायचं नाही."

आपल्याकडे या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. सरकारी सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका असा क्रम आहे आणि वर जाणं मुख्यतः ज्येष्ठतेवर ठरतं. खासगीत स्टाफ, इनचार्ज, सुपरवायझर, मेट्रन (परिचारिकांची प्रमुख). दोन्हीकडे जितकं वर जावं तितका पेशंट लांब जातो आणि ड्यूटी चार्ट जवळ येतो. एम.एस्सी. नर्सिंगचा उपयोग कुठे होतो तर नर्सिंग कॉलेजात. तिथे ट्यूटरपासून प्राध्यापकापर्यंतच्या पदांना ती पदवी लागते किंवा तिला प्राधान्य असतं. वॉर्डात मात्र एम.एस्सी. झालेल्या सिस्टरसाठी वेगळं पदच नाही. एम.एस्सी. करून परत वॉर्डात आलेल्या कितीतरी जणींनी वर्षभरात कॉलेज गाठलेलं मी पाहिलंय. शिकवायची हौस होती म्हणून गेलेल्या त्यांत थोड्याच.

समोरचे पर्याय

पहिला अर्थात एम.एस्सी. नर्सिंग. दोन वर्षं, पूर्णवेळ. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला एकूण ५५ टक्के, राज्य परिचर्या परिषदेची नोंदणी आणि किमान एक वर्षाचा अनुभव. शुभांगी स्वतःला अपात्रच समजत होती, कारण तिने दोन वर्षांच्या टक्केवारीची सरासरी काढली होती आणि ती ५४.७ येत होती. दोन्ही वर्षांचे मिळालेले गुण एकत्र करून एकूण गुणांनी भागल्यावर ५५.६ निघाले, कारण जास्त गुण ज्या वर्षी पडले होते त्या वर्षाची एकूण गुणसंख्याही मोठी होती. तिची एक मैत्रीण मात्र याच हिशेबात खरोखरच खाली राहिली.

विषयाच्या पाच मुख्य शाखा: मेडिकल सर्जिकल, स्त्रीरोग व प्रसूती, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. मेडिकल सर्जिकलमध्ये अतिदक्षता ही उपशाखा घेता येते, त्यामुळे तिच्यासाठी हा निर्णय सोपा होता.

दुसरा पर्याय नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. हासुद्धा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, पण निवासी पद्धतीचा. बहुतांश वेळ थेट अतिदक्षता विभागात काम करत शिकायचं. कागदावर हा तिच्यासाठीच आखल्यासारखा होता. पण घराजवळ सोय नव्हती, आणि शिकून आल्यावर त्या नावाचं पद मिरजेतल्या कुठल्याही रुग्णालयात नव्हतं. तिने फोन करून विचारलं तेव्हा दोन ठिकाणी तर हे काय असतं असा उलट प्रश्न आला.

तिसरा, दूरस्थ पद्धतीने रुग्णालय व्यवस्थापनाची पदविका. इग्नूची आहे, आणखीही काही संस्थांच्या आहेत. नोकरी न सोडता होते, खर्च कमी. पण ती पेशंटपासून लांब नेणारी वाट होती आणि तिला नेमकं तेच नको होतं.

चौथा परदेश. वॉर्डातल्या दोघी जर्मन शिकत होत्या. आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, या पर्यायावर दोन मिनिटांत पडदा टाकला, शुभांगीलाही फारसं वाईट वाटलं नाही.

आणि पाचवा, ज्याची जाहिरात कुठेच नसते.

पहिला निर्णय: "नॉन-अटेंडिंग"

एका ओळखीच्याने तिची एका एजंटशी गाठ घालून दिली. शेजारच्या राज्यातलं कॉलेज, एम.एस्सी. नर्सिंग, पदवी "रेग्युलर"च. फक्त परीक्षेला जायचं, हजेरीचं ते बघून घेतील. नोकरी सुरू, पगार सुरू, मुलगा डोळ्यांसमोर. फी जास्त, पण नोकरी सुटत नाही म्हटल्यावर हिशेब उलट स्वस्तच पडतो, असं त्याने कागदावर मांडूनही दाखवलं. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता.

दूरस्थ किंवा घरबसल्या एम.एस्सी. नर्सिंगला परिषद मान्यता देत नाही, हे बहुतेक सिस्टरांना माहीत असतं. म्हणूनच "नॉन-अटेंडिंग" हा मधला धंदा उभा राहिला. पदवी खरी, विद्यापीठ खरं, खोटी असते ती फक्त हजेरी.

मी तिला नीतिमत्तेचं प्रवचन दिलं नाही. दोन कागद शेजारी ठेवायला सांगितले. एकीकडे रुग्णालयाचा हजेरीपट, पगाराच्या बँक नोंदी आणि भविष्य निर्वाह निधीचं खातं. दुसरीकडे त्याच दोन वर्षांतला पूर्णवेळ विद्यार्थिनी असल्याचा दाखला. उद्या कॉलेजात मुलाखतीला गेलीस आणि त्यांनी अनुभवाचे दाखले मागितले, तर या दोन वर्षांचा कोणता कागद दाखवणार? अनुभव दाखवलास तर पदवी संशयात, पदवी दाखवलीस तर पगार संशयात. सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीतही हेच होणार. आता तर भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी मोबाइलवर पाच मिनिटांत निघतात.

तिने एजंटला नकार दिला. कारण मात्र मी मांडलेलं नव्हतं. ती म्हणाली, "व्हेंटिलेटर मोडचं मला जे समजत नाही तेच शिकायला निघालेय. न जाता कसं समजणार?" हे उत्तर माझ्या युक्तिवादापेक्षा सरस होतं.

दुसरा निर्णय: रुग्णालयाचा बाँड

नियमित प्रवेश घ्यायचा म्हणजे दोन वर्षं पगार बंद. तिने मेट्रन मॅडमकडे बिनपगारी रजेसाठी अर्ज केला. आठवड्याभरात व्यवस्थापनाकडून अनपेक्षित प्रस्ताव आला: अर्धी फी आम्ही भरतो, नोकरी राखून ठेवतो. बदल्यात परत आल्यावर तीन वर्षं इथेच काम, मूळ प्रमाणपत्रं आमच्या ताब्यात, आणि तीन कोरे धनादेश.

घरी आनंदीआनंद झाला. नवरा म्हणाला, तीन वर्षं काय, तू तशीही तिथेच राहणार होतीस. यात तथ्य होतं. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, सही कर, बाँड काय कोर्टात टिकतो थोडाच. यात तथ्य नव्हतं. (पुढे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात, ठरावीक वर्षांआधी नोकरी सोडल्यास ठरावीक रक्कम भरण्याची अट वैध ठरवली. टिकत नाही म्हणून सही करणं हा बेत तेव्हाही कच्चाच होता.)

सांगलीच्या कोर्टात वकिली करणाऱ्या तिच्या मावसभावाने मसुदा वाचला. त्याने तीन गोष्टींवर लाल शाई मारली. मूळ प्रमाणपत्रं द्यायची नाहीत. प्रवेशाच्या पडताळणीला आणि पुढे राज्य परिषदेत वाढीव पात्रतेची नोंद करायला तीच लागतात, मग रुग्णालयाच्या कपाटातून ती आणायची कशी? कोरे धनादेश नाहीत, रक्कम लिहायची, आणि केलेल्या प्रत्येक वर्षामागे ती एक तृतीयांशाने कमी व्हायची. तिसरं आणि महत्त्वाचं म्हणजे परत आल्यावर कोणतं पद आणि किती पगार, हे लिहून घ्यायचं. मसुद्यात तिच्यावरच्या अटी दीड पान होत्या आणि रुग्णालयाची जबाबदारी एका ओळीत: "योग्य ते पद देण्याचा विचार केला जाईल."

पहिल्या दोन गोष्टी व्यवस्थापनाने कुरकुरत मान्य केल्या. तिसरी नाही. "पदाचं आत्ता कसं सांगणार, दोन वर्षांनी कोण असेल कोण नसेल."

शुभांगीने फीचा प्रस्ताव सोडला आणि साधी बिनपगारी रजा घेतली. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय होता आणि तो बरोबर की चूक हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. तीन वर्षं ती तिथेच राहणार होती हे खरंच होतं. म्हणजे बाँडची किंमत तिच्यासाठी फारशी नव्हती आणि अर्ध्या फीवर तिने पाणी सोडलं. पण "विचार केला जाईल" या ओळीवर तीन वर्षं बांधून घेतली असती, तर पद मागताना हातात काहीच उरलं नसतं.

पैशाची जुळवाजुळव

फी, पुस्तकं, प्रवास मिळून चार लाखांच्या आत बसत होतं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेत तारण लागत नाही आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षाने सुरू होतात. साडेतीन लाखांचं कर्ज मंजूर झालं, पण पहिला हप्ता कॉलेजला पोचायला उशीर होणार होता.

आणि वेळ होती ऑक्टोबरची. द्राक्षबागायतदाराच्या घरात ऑक्टोबरमध्ये पैसा फक्त बाहेर जातो. फळछाटणी, मजुरी, औषधं, वर परतीचा पाऊस पडला तर फवारण्या दुप्पट. माल विकून पैसा येतो तो फेब्रुवारीनंतर. शेवटी तिच्या पाटल्या पतसंस्थेत सोनेतारण ठेवल्या आणि मार्चमध्ये सोडवल्या. आत्याबाईंनी त्या दिवशी विचारलं, "आधी पोराची शाळा का आईची?" नंतर दोन वर्षं त्याच नातवाचा डबा करत होत्या आणि अभ्यासाला बसवत होत्या, हेही नोंदवायला हवं.

रविवारी रात्रपाळी रोखीत कर, नोंद ठेवत नाही, असं तिच्याच रुग्णालयातून सुचवण्यात आलं होतं. ती नाही म्हणाली. एजंटच्या वेळचे ते दोन कागद तिच्या डोक्यात पक्के बसले होते.

तिसरा निर्णय: प्रबंधाचा विषय

पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, प्रगत परिचर्या, संशोधन व संख्याशास्त्र आणि शाखेचा विषय. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन, शाखेचा दुसरा भाग आणि प्रबंध. नर्सिंगच्या प्रबंधांचा एक ठरलेला साचा आहे. कुठल्या तरी विषयावर परिचारिकांची प्रश्नावली घ्यायची, तासाभराचं शिकवणं करायचं, परत तीच प्रश्नावली घ्यायची, आणि ज्ञान वाढलं असा निष्कर्ष काढायचा. वाढणारच. अशा प्रबंधांनी कॉलेजांची कपाटं भरली आहेत.

शुभांगीच्या मार्गदर्शक मॅडमनीही व्हेंटिलेटरमुळे होणाऱ्या न्यूमोनियाबद्दल परिचारिकांचं ज्ञान हाच विषय सुचवला. तिला ज्ञान मोजायचं नव्हतं, काम मोजायचं होतं. डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली आहे का, तोंडाची स्वच्छता वेळेवर होते का, श्वासनळीत घातलेल्या नळीच्या कफचा (नळीभोवती हवेने फुगवलेल्या पट्ट्याचा) दाब २० ते ३० सेंमी पाण्याइतका राखला जातो का, हे प्रत्येक पाळीत खाटेशेजारी उभं राहून तपासायचं. नैतिकता समितीची परवानगी, आपल्याच जुन्या आयसीयूची परवानगी आणि मोजके आठवडे. मॅडम म्हणाल्या, पूर्ण झालं नाही तर परीक्षा पुढे जाईल. तिने नमुना छोटा केला, पण पद्धत सोडली नाही.

तिला काय सापडलं ते मुद्दाम सांगते, कारण या पदवीचा खरा उपयोग तिथे दिसला. दिवसपाळीत कफचा दाब बहुधा नोंदलेला असे, रात्री रकाना कोरा. प्रश्नावली घेतली असती तर रात्रीच्या सिस्टरांना माहिती कमी असा निष्कर्ष निघाला असता. पण दिवसाच्या आणि रात्रीच्या सिस्टर त्याच होत्या, पाळ्या बदलून येणाऱ्या. कारण निघालं दाब मोजायच्या मॅनोमीटरचं. आयसीयूत तो एकच होता आणि महाग म्हणून इनचार्ज सिस्टर संध्याकाळी जाताना कपाटात कुलूपबंद करून जात. रात्री सिस्टर नळीला बाहेर जोडलेला छोटा फुगा बोटाने दाबून अंदाज घेत आणि अंदाज लिहायचा नाही म्हणून रकाना मोकळा ठेवत. मॅनोमीटर साखळीने ट्रॉलीला बांधला गेला आणि रकाने भरायला लागले. हाच आयसीयू तिने इतकी वर्षं पाहिला होता. पण कुठल्या पाळीत काय राहतं हे वहीत मांडून बघायची सवय तिला अभ्यासक्रमाने लावली.

निष्पत्ती

२०२४ च्या अखेरीस ती रुजू झाली. त्याच आयसीयूत, त्याच पदावर, अडीच हजारांच्या वाढीवर. पहिल्याच आठवड्यात तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलीने तिला ड्यूटी लावली. वॉर्डात थट्टा झाली, "एम.एस्सी. बाईंना पण नाइटच?"

याच काळात एका नर्सिंग कॉलेजने ट्यूटरची जागा देऊ केली. रात्रपाळी नाही, रविवार सुट्टी, पण पगार आयसीयूपेक्षा कमी. ती दोन रात्री विचार करत होती असं सांगते. नकार दिला तो पगारासाठी नाही, मुळात ठरवलेल्या गोष्टीसाठी.

सात-आठ महिन्यांनी रुग्णालयाने एनएबीएच या रुग्णालयांच्या गुणवत्तेच्या राष्ट्रीय मानांकनाची तयारी सुरू केली. त्या मानांकनात संसर्ग नियंत्रणासाठी स्वतंत्र नेमलेली परिचारिका लागते. व्यवस्थापनाने बाहेरून माणूस शोधायला घेतला. शुभांगी आपला प्रबंध घेऊन वैद्यकीय संचालकांकडे गेली आणि मॅनोमीटरचं पान उघडून समोर ठेवलं. पंधरा दिवसांत तिची नेमणूक झाली. आता ती सगळ्या वॉर्डांत फिरते, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि व्हेंटिलेटरच्या नोंदी बघते, नव्या मुलींना खाटेशेजारी शिकवते. पेशंट सुटला नाही. पगार वाढला, पण २०२५ च्या शेवटी कर्जाचा साडेसहा हजारांचा हप्ता सुरू झाला आणि वाढीतला बहुतेक पैसा तिकडे जातो. निव्वळ पैशाच्या हिशेबात ती आज २०२२ पेक्षा फार पुढे नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पदाबद्दलची बोलणी तिने फीच्या बोलण्यात अडकवून केली. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ती एकाच वेळी पैसे आणि बढती मागत होती. फीचा विषय बाजूला ठेवून, "रजा बिनपगारी घेते, पण परतल्यावर संसर्ग नियंत्रण किंवा प्रशिक्षणाचं काम द्या," एवढंच मागितलं असतं तर पत्र मिळण्याची शक्यता जास्त होती. मानांकनाचा विचार रुग्णालयात २०२२ मध्येही सुरू होता, तिने तेव्हा चौकशी केली नव्हती.

दुसरं, फीबाबत. राज्याच्या फी सवलतीच्या योजना साधारणतः केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेल्या प्रवेशाला लागू होतात, संस्था पातळीवरच्या जागेला नाही. तिने फेरीची वाट न बघता घराजवळची जागा आधी पक्की केली. मुलगा लहान असताना हे समजण्यासारखं आहे, पण त्या घाईची किंमत कर्जाच्या हप्त्यात दिसते.

तिसऱ्या मुद्द्यावर आमचं एकमत नाही. मला वाटतं नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमाचा तिने आणखी विचार करायला हवा होता. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा झाला आहे, पुढच्या काही वर्षांत अशी पदं निर्माण झाली तर पहिली संधी हा अभ्यासक्रम केलेल्यांनाच. ती म्हणते, "पदं निघतील तेव्हा निघतील मॅडम, हप्ता आत्ता आहे."

सरकारी भरतीचा दरवाजा अजून उघडा आहे. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३८, म्हणजे तिच्या हाती जेमतेम दोन वर्षं. सध्या ती राज्य परिषदेकडे वाढीव पात्रतेच्या नोंदीचा पाठपुरावा करते आहे. ५५ टक्क्यांच्या हिशेबात मागे राहिलेली तिची मैत्रीण या वर्षी इग्नूच्या पदविकेला बसली आहे, आणि तिचा पहिला प्रश्न होता की ती पदविका झाल्यावर रुग्णालय तिला कोणत्या खुर्चीवर बसवणार. त्याचं लेखी उत्तर तिला अजून मिळालेलं नाही.